ज्या हाताने पाणी ओतलं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज असं वाटलं, ज्ञानेश सरांचा मानसशास्त्राचा वर्ग पुन्हा भरलाय आणि मी पहिल्या बाकावर बसलेय!

रखमाबाई. सातपाटीच्या. बोइसरच्या बाजारात मासळी विकायच्या. दिवाळीच्या आधीपासून धंदा बंद, कारण उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. पाटी डोक्यावर घेतली की हाताने धरावी लागते, आणि हात धरायला येतच नाही. सरकारी दवाखान्यात फोटो काढला. हाडं ठीक. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आमच्या समुपदेशन केंद्रात पाठवलं. तोंडाने म्हणाले म्हणे, "मनाचं असेल."

त्यांची जाऊ नवसी त्यांना सोडून बाजारात गेली. तीही मासळीच विकते. जाताना मला म्हणाली, "दुपारी नेईन हिला. सांबाळा." जणू पाळणाघर!

घरी कोण कोण, विचारलं. "मी, मालक, मुलगा, सून." मुलगी? म्हणाल्या, "व्हती. कीर्ती." मग एका दमात सगळं. कीर्तीने गेल्या वर्षी कंपनीतल्या एका बिहारी मुलाशी लग्न केलं. बबलू त्याचं नाव. दोघं इथेच बोइसरला खोली घेऊन राहतात. रखमाबाईंचे मालक विश्रामदादा — त्यांनी सगळ्या घराला तिच्या नावाने आंघोळ करायला लावली. माणूस गेल्यावर करतात तशी. आणि पहिला तांब्या आईने ओतायचा.

"कुठल्या हाताने ओतलात?" मी विचारलं.

त्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

सर शिकवायचे तेच! जे मनाला सोसत नाही ते अंग उचलतं. कुणाचा आवाज जातो, कुणाचे पाय. ज्या हाताने लेकीला मेलेली ठरवलं, तो हात आता वर उठत नाही. पुस्तकात वाचलेलं माणूस होऊन माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं आणि चहा नको म्हणत होतं.


१३ नोव्हेंबर

आज दिवसभर कॉलेज आठवत होतं. मागच्या खिडकीतून दिसणारा बदाम. पुस्तकं इंग्रजीत, मी एकेका ओळीवर पेन्सिलने मराठी लिहायचे. मैत्रिणी म्हणायच्या, चारुता, तू पुस्तक वाचतेस की गोधडी शिवतेस? सर "अबोध मन" म्हणाले त्या दिवशी मला वाटलं होतं — म्हणजे आपल्या घरात जे कुणी बोलत नाही, ते कुठेतरी असतं तर! नाहीसं झालेलं नसतं!

तेवढ्या एका वाक्यासाठी मी हे क्षेत्र घेतलं. बाबांना वाटलं होतं बँकेत जाईन.


१६ नोव्हेंबर, शनिवार

स्वाती मॅडम आल्या होत्या. महिन्यातून दोन शनिवार आमची कामं बघायला येतात. त्या विक्रमगडकडच्या डोंगरातल्या. वीस वर्षं हेच काम. मी रखमाबाईंचं सगळं सांगितलं. फार वेगाने सांगितलं बहुतेक. त्यांनी माझा चहा माझ्याकडे सरकवला. "पी. मग बोल."

म्हणाल्या, "असेलही तसं. पण चारुता, तिच्यापेक्षा तुला जास्त आनंद झालाय."

मला राग आला.

मग म्हणाल्या, "आधी मान तपासून घे. आयुष्यभर डोक्यावर ओझं वाहिलेली बाई आहे." मी म्हटलं, फोटो काढलाय. "हाताचा काढलाय. मानेचा नाही." मग म्हणाल्या, "आणि अर्थ सांगायची घाई करू नकोस. तू तिला जे सांगशील ते ती घरी नेणार. घरी त्याचं काय होईल, ठाऊक आहे तुला?"

मानेच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागितली आहे. तारीख जानेवारीतली मिळाली. मॅडमचं समाधान म्हणून.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

रखमाबाई आल्या. आज कीर्तीबद्दल अक्षर नाही. समुद्राबद्दल, सुनेबद्दल, बोंबलाला यंदा ऊन कसं लागलं याबद्दल बोलल्या. मी वाट पाहिली. सर म्हणायचे, माणूस जे टाळतो तिथेच दार असतं.

मला "बाय" म्हणतात. मला तोंडभर "मावशी" म्हणावंसं वाटतं, लहानपणी दारावर येणाऱ्या मासळीवालीला म्हणायचे तसं. पण अंतर ठेवायचं असतं. "रखमाबाई"च म्हणते.


२२ नोव्हेंबर

मनोरकडचा सुका आला होता, दारू सोडायची म्हणून. मी प्रश्न विचारत होते, तो उत्तरं देत होता. मध्येच थांबला. "बाय, तुमी इचारता, मी सांगतो. तुमी कवा सांगनार?" मी म्हटलं, आमच्या कामात तसं नसतं. तो म्हणाला, "मंग हे पोलीसठाण्यावानी झाला!" आणि स्वतःच खो खो हसला.

दुपारी कंपनीच्या चाळीतली एक बाई. "मैडम, बचपन का पूछके क्या होगा? पानी तो आज नहीं आया."

पुस्तकात कुणीच असं बोलत नाही. पुस्तकातली माणसं दिवाणावर पडून स्वप्नं सांगतात.


२४ नोव्हेंबर, रविवार. केळवे

घरी. पानवेलीच्या वाडीत शिरलं की अंगावर गार सावली पडते, तिला पानांचा तिखट वास असतो. बोइसरमध्ये इतके दिवस कंपन्यांचाच वास घेत होते, आज नाक धुऊन निघालं.

बाबांनी माझा पदवीदानाचा फोटो देवांच्या रांगेत लावलाय. येईल त्याला दाखवतात, "आमच्या घरातली पहिली." चुलत भाऊ प्रणव म्हणाला, "मनाची डॉक्टरीण आली! सांग, माझ्या मनात काय चाललंय?" मी म्हटलं, जेवण. "बरोब्बर! किती झाले?"

संध्याकाळी विहिरीवर बसले होते. इथला तो दिवस आठवला. मी पाच वर्षांची असेन. सण नाही, वार नाही, आणि भर दुपारी सगळं घर विहिरीवर आंघोळीला! आजी, बाबा, काका, आई, आम्ही पोरं. काका बादलीने धबाधबा पाणी ओततायत, प्रणव आणि मी किंचाळतोय, हसतोय, पाणी केळीच्या आळ्यांतून पळतंय आणि आम्ही त्याच्यामागे. ओल्या अंगावर ऊन. हॉस्टेलवर कुणी लहानपणीचा सगळ्यात आनंदाचा दिवस विचारला की मी हाच सांगायचे.

आता विहिरीवर पंप आहे. कुणी तिथे आंघोळ करत नाही.


२६ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं! स्वाती मॅडम रागावतील. पण वेळ आली होती, मला आतून कळलं.

आज नवसीची मासळी लवकर संपली म्हणून ती आधीच येऊन जिन्यात बसली. जिन्यात वरचा पत्रा नुसता तापलेला. घामाघूम झालेली. मला कसंतरी झालं, म्हटलं आत पंख्याखाली बसा. ती कोपऱ्यात बसली, डोळे मिटून. झोपली असं वाटलं.

मी अगदी हळू बोलले. म्हटलं, "रखमाबाई, कधीकधी मन जे बोलू शकत नाही ते अंग बोलतं. ज्या हाताने तुम्ही कीर्तीच्या नावाने पाणी ओतलंत, तोच हात आज उठत नाही. हात तुम्हाला काही सांगत असेल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उजव्या हातानं ओतलं. मग काय डाव्यानं ओतू, बाय?"

मग पदर तोंडाशी धरून बसल्या. डोळे भरले होते. पोचलं! मला त्यांचा खांदा धरावासा वाटला, नाही धरला.


२७ नोव्हेंबर

माणसाच्या आयुष्यात आपलं एक वाक्य दार उघडू शकतं. हेच तर हवं होतं मला!


३ डिसेंबर, मंगळवार

रखमाबाई आल्या नाहीत. याला पुस्तकात "प्रतिकार" म्हणतात. दुखऱ्या जागी बोट लागलं की माणूस पाठ फिरवतो. परत येतात.


१० डिसेंबर, मंगळवार

नाही आल्या. घरी फोन केला. मुलाने उचलला. "आई येनार नाय. तुमी फोन करू नका." ठेवला.


११ डिसेंबर

बाजारात गेले, नवसीला शोधत. तिने मला बघून तोंड फिरवलं. मी समोर उकिडवी बसले तेव्हा बोलली. "आता काय राह्यलंय? तुमीच सांगितलंत ना, पोरीमुळं हात गेला."

मी म्हटलं, मी असं नाही म्हटलं!

"मी व्हते ना थितं. कीर्तीच्या नावाचं पाणी ओतलं म्हनून हात गेला. म्हंजे काय? पोरीचा तळतळाट. नायतर पोरीनं कायतरी केलंय. तो बिहारी, त्यांच्याकडं काय काय असतं." बाजूच्या बाईने मान डोलावली. "शिकलेल्या बाईनं सांगितलं तर खोटं कशाला असल?"

भगताकडे जाऊन आलेत. त्यानेही तेच सांगितलं — अर्थात, यांनी आधीच सांगितल्यावर! आता रविवारी विश्रामदादा, मुलगा आणि दोन-चार जण कीर्तीच्या खोलीवर जाणार आहेत. "घातलंय ते काढ" म्हणायला. आणि रखमाबाईंना बोइसरला पाऊल टाकायची बंदी.

मी परत कशी चालत आले आठवत नाही. कीर्तीला मी कधी पाहिलंही नाही. एका खोलीत एक मुलगी स्वयंपाक करत असेल आणि दारात चार पुरुष उभे राहतील — माझ्या वाक्यामुळे!


१२ डिसेंबर

स्वाती मॅडमना फोन केला. रडत सांगितलं. त्या ओरडतील म्हणून वाट पाहत होते.

"नवसी खोलीत होती?" एवढंच विचारलं.

"हो. ऊन होतं म्हणून—"

"बरं. शनिवारी सातपाटीला जाऊ. रविवारच्या आधी. तोपर्यंत काही करू नकोस. कीर्तीकडे तर मुळीच जाऊ नकोस. रखमाबाईंना न विचारता त्यांच्या लेकीच्या दारात उभं राहायचा तुला हक्क नाही."

"पण ते लोक गेले तर?"

"म्हणून तर शनिवारी. नाही ऐकलं तर मी पोलिसांत बोलेन, कायदा आहे. पण आधी माणसाशी बोलू."


१४ डिसेंबर, शनिवार

सातपाटी. रिक्षातून उतरल्यापासून बोंबलाचा वास. बांबूंच्या ओळींवर बोंबील लटकलेले, बायका फिरवत होत्या. रखमाबाईही होत्या. डाव्या हाताने काम. मला बघून त्यांचा हात थांबला, पण त्या आल्या नाहीत.

विश्रामदादा ओट्यावर जाळं शिवत होते. उंच, शांत माणूस. मी राक्षस बघायला आले होते का? त्यांनी आम्हाला बसायला चटई दिली. सुनेने पाणी आणलं.

स्वाती मॅडम म्हणाल्या, "दादा, उद्या बोइसरला जाताय म्हणे."

"जानार. पोरीला मारायला नाय चाललो. बोलायचं, काढ म्हनून."

"काय काढ?"

"जे घातलंय ते."

"घातलंय असं कुणी सांगितलं?"

त्यांनी जाळ्यातून सुई काढली आणि माझ्याकडे केली. "ह्या बायनी."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोलले. "दादा, मी चुकले. मी फक्त अंदाज केला होता. कीर्तीने काही केलं असं मी म्हटलं नव्हतं, पण माझ्या बोलण्याचा तसा अर्थ झाला. चूक माझी आहे. तिची नाही."

"तुमी डॉक्टर ना?"

"नाही."

"मग?"

"समुपदेशक."

"म्हंजे काय?"

दारातून नवसी म्हणाली, "बोलायच्या बाय. नुस्त्या बोलतात." पाठीमागे सून हसली आणि तोंड दाबलं.

विश्रामदादांना हसू आलं नाही. "नुस्त्या बोलन्यापायी माज्या घरात चूल पेटत नाय बाय दोन हप्ते. ही जेवत नाय. मला सांगा, मी कुनाचं खरं मानू? एका वेळी सांगता लेकीमुळं, एका वेळी सांगता लेकीमुळं नाय."

स्वाती मॅडम म्हणाल्या, "आमचं कुणाचंच मानू नका. मानेची तपासणी बाकी आहे. जानेवारीत तारीख आहे. तो कागद येईपर्यंत थांबा. तेवढंच मागतो."

"आनि कागदात काय नाय निघालं तर?"

"तर मी परत इथे येऊन बसेन. तुमच्याबरोबर."

त्यांनी जाळ्याची एक गाठ आवळली. मग म्हणाले, "थांबतो. कागदापत्तूर. मग मी कुनाचं ऐकनार नाय."

निघताना रखमाबाई रिक्षापर्यंत आल्या. मी "माफ करा" म्हणणार होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "बाय, माजा मंगळवार हाय ना अजून? दुसऱ्या कुनाला दिला नाय ना?"

त्यांचा विश्वास मोडला नाहीये! मी इतकं नुकसान करूनही! परतीच्या वाटेवर डोळे पुसत होते. मॅडम बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "पूस. पण लगेच त्याचाही अर्थ लावू नकोस."


१५ डिसेंबर, रविवार

आईचा फोन. मी नाव-गाव न सांगता म्हटलं, एका घरात जिवंत मुलीच्या नावाने आंघोळ केली, आई. असं कुणी करतं का गं?

आई म्हणाली, "करतात. आपल्याकडे नाही का केली? धाकट्या आत्याच्या वेळी. तू होतीस की. विहिरीवर."

"विहिरीवर?" मी विचारलं.

"सगळे रडत होते आणि तू न् प्रणव हसत होता. आजीने तांब्या ओतला, आणि तू टाळ्या वाजवल्यास. काकांनी तुझ्या थोबाडीत मारली. आठवत नाही?"

नाही आठवत. ऊन आठवतं, केळीची आळी आठवतात. थोबाडीत नाही आठवत. कुणी रडत होतं हे नाही आठवत.

सर शिकवायचे — कधीकधी एक उजळ, लख्ख आठवण पडद्यासारखी लटकलेली असते, आणि तिच्यामागे दुसरंच काही. परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. स्वतःचा पडदा ओळखला नाही.


१६ डिसेंबर

आता धाकटी आत्या आठवतेय. सबंध दिवस. कालपर्यंत कुठे होती? अबोलीचे गजरे ओवायची. एक तिच्या केसांत, उरलेल्या चार फुलांचा माझ्या शेंडीला. मला कडेवर घेऊन नाक्यावर न्यायची आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लावायची. मी पहिला शब्द वाचला तो "किराणा". शाळेत जायच्या आधी. घरातली पहिली पदवीधर म्हणतात मला — तिने तर मला अक्षरं दिली. मनोरकडच्या एका मास्तरांशी लग्न केलं. डोंगरातल्या जातीतले. तिच्या साड्या आईने कापून गोधडीला लावल्या. त्या गोधडीत मी दहावीपर्यंत झोपले. ऊबदार होती. कुणाच्या साड्या, कधी विचारलं नाही.

फार आठवण येतेय. घराची येतेय, आणि त्याच घराची भीती वाटतेय.


२१ डिसेंबर, शनिवार

स्वाती मॅडमना आत्याचं सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही.

मी म्हटलं, मला रखमाबाईंच्या तोंडून काय हवं होतं ते आता कळलं. पश्चात्ताप. आजीने कधी केला नाही. आजी गेली. मग मी दुसऱ्या एका आईला पकडलं आणि तिच्या हाताला कबूल करायला लावलं. वर त्याला मदत म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणून ही विद्या आधी स्वतःवर वापरायची. समोरच्यावर नंतर. जमलं तर. नाही जमलं तरी चालतं."

"मग शिकले कशाला?"

"स्वतःचं काय आणि तिचं काय, एवढं वेगळं करता यावं म्हणून. ते थोडं आहे का?" मग हसल्या. "पहिल्या वर्षी मी एका माणसाला सांगितलं होतं, तुमचा राग खरा वडिलांवर आहे. तो म्हणाला, हो ना, बैल त्यांनीच विकला."

हसले. किती दिवसांनी!

पण काम अजून तसंच आहे. कागदात मान निघाली नाही तर ते लोक कीर्तीच्या दारात जाणार. मी प्रार्थना करतेय की एका बाईच्या मानेत दोष निघावा. काय वेळ आणली मी.


७ जानेवारी, मंगळवार

तपासणी झाली. मुलगा घेऊन गेला होता. कागद पुढच्या आठवड्यात.


१० जानेवारी

सुका आला. आज त्याने विचारायच्या आधी मीच सांगितलं, माझ्या घरी पानवेल आहे, केळव्याला. त्याने तंबाखू हातावर तसाच धरला आणि मला वेलींना पाणी कसं देता ते विचारत बसला. मग आपणहून म्हणाला, घरी भांडण झालं की पितो. इतके दिवस मी हेच काढायचा प्रयत्न करत होते.


१६ जानेवारी, गुरुवार

मान! मानेत शीर दबली आहे. कागदावर स्पष्ट. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं घेतल्याने. डॉक्टर म्हणाले, व्यायाम, शेक, औषधं. पाटी डोक्यावर पुन्हा नाही. हात बराचसा येईल. उशीर झालाय, पण येईल.

आनंद झाला. मग लाज वाटली. नोव्हेंबरातच मी मानेसाठी भांडले असते, रांगेत स्वतः उभी राहिले असते, तर तारीख लवकर मिळाली असती. मला हाताची गोष्ट फार आवडली होती. मान कुणाला हवी होती?


१८ जानेवारी, शनिवार

सातपाटी. मॅडम आणि मी. विश्रामदादांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. मुलाने वाचून दाखवला. मॅडमनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवून शीर कुठून कुठे जाते ते दाखवलं.

नवसी म्हणाली, "म्हंजे तळतळाट नाय?"

"नाही."

"मग भगताला कोंबडा उगीच दिला!"

विश्रामदादांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. बोइसरला कुणी जाणार नाही, म्हणाले. मग जाळ्याकडे बघत, कुणाला नाही असं: "म्हंजे तिचं काय नाय त्यात." नाव घेतलं नाही. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मी रखमाबाईंना म्हटलं, आता हाताचा व्यायाम पालघरलाच होईल, जवळ पडेल. माझ्याकडे यायची गरज राहिली नाही. मला हे म्हणताना वाईट वाटत होतं, पण खरं तेच होतं. उगाच बांधून ठेवणंही चूकच.

त्यांचा चेहरा पडला. "नाय नाय बाय. व्यायाम पालघरला करीन. पन मंगळवार ऱ्हाऊ दे."

विश्रामदादा म्हणाले, "जाऊ दे तिला. बोलून आली की दोन घास जास्त खायची."


२१ जानेवारी, मंगळवार

रखमाबाई आल्या. मी कसलाच अर्थ लावला नाही, काहीच खोदलं नाही. त्यांनी व्यायाम करून दाखवला. हात कानापर्यंत गेला!

पण मनात प्रश्न आहे. त्या माझ्यात कुणाला बघतात? याला ट्रान्स्फरन्स म्हणतात — जुन्या नात्यातली माया माणूस नव्या माणसावर ठेवतो. मी त्यांची कीर्ती झालेय का? आणि मलाही ते आवडतंय का? मॅडमना फोन केला. असं चालू ठेवणं बरोबर आहे का, विचारलं.

"त्यांना का यायचंय?"

मी माझा तर्क सांगायला लागले.

"तुझा नको. त्यांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. इतक्या मंगळवारांत हे एक विचारलं नव्हतं.


२८ जानेवारी, मंगळवार

विचारलं. "मावशी, मानेचं निघालं. हातही सुधारतोय. मग मंगळवार कशाला हवा?"

त्यांनी दार बंद आहे ना ते पाहिलं. मग उठून खिडकीशी गेल्या आणि खाली रसाच्या गाडीकडे बघून हाक मारली, "कीर्ती! ये गो वर. बाय इचारतेय."

एक मुलगी धावत जिना चढून आली. हातात डबा, नाक अगदी आईचं.

"आंघोळीच्या दुसऱ्या हप्त्यापासून भेटतो आमी," मावशी म्हणाल्या. "रोज, बाजारामागं, नवसीची नजर चुकवून. हात गेला, बाजार गेला, बोइसरला यायला कारन ऱ्हायलं नाय. मग तू गावलीस."